कचोरीचा राक्षस

"आधी ताट, मग फासे," असे बजावून आमच्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल आतून मखमल चिकटवलेले पितळी ताट मेजाच्या मधोमध ठेवीत. फासे त्यातच टाकायचे. बाहेर घरंगळलेला फासा धरायचा नाही.

हा खेळ आपणांपैकी काहींना अपरिचित असेल, म्हणून थोडे सांगतो. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातील पात्रे होतात आणि कोणाचे धाडस साधेल की फसेल, हे फासा ठरवतो. सूत्रधारापुढे पुठ्ठ्याचा उभा पडदा असतो. ग्रंथपालांनी तो जुन्या लग्नपत्रिकांचा केला होता. खजिन्याचे नकाशे ते चहात भिजवून पिवळे करीत. राक्षस मात्र फरसाणाचे. "जो मारील, तो खाईल," हा त्यांचा नियम. मल्हारगंजातील त्यांच्या घरी दर रविवारी दुपारी आम्ही खात खात शूर झालो.

पुढे निवृत्त होऊन ते मुलीकडे नागपूरला निघाले. गोष्ट अर्धवट होती आणि पडद्यामागे बसायला कोणी धजेना. "कोणी तरी बसा हो, नाही तर सगळं इथंच बंद पडेल," असे ते प्रत्येकाला विनवीत.

शेवटच्या रविवारी महाराक्षस म्हणून एक भली मोठी कचोरी नकाशावर विराजमान झाली. ग्रंथपाल चहा आणायला आत गेले. बेटम्याहून उपाशीपोटी, उशिरा आलेल्या आमच्या महाविद्यालयाच्या लेखापालांनी वर्तमानपत्र वाचता वाचता ती संपवली.

"भिया, हे काय केलंत! तो राक्षस होता!" मी ओरडलो.

"अरे यार, मला वाटलं नाश्ता आहे! बाजूला चटणी पण होती ना!"

ती चटणी म्हणजे विषाचे तळे होते.

ग्रंथपालांनी नकाशावरची रिकामी जागा पाहिली, मग लेखापालांची मिशी पाहिली. "न मारता खाल्लात? म्हणजे तो मेलेला नाही, तुमच्यात शिरलाय. चला, पडद्यामागे."

"मला नाही येत हो, साहेबजी."

"राक्षसाला काय हवंय, तेवढं सांगा."

लेखापाल अवघडून त्या खुर्चीत बसले. "पहिले तर पाणी पाहिजे. बहोत तिखट होती."

आम्ही हसलो. ग्रंथपाल मात्र आमच्या शेजारी बसून गंभीरपणे म्हणाले, "कुठलं पाणी?"

"एक विहीर आहे... पण तिच्यात उतरलेला कोणी वर येत नाही," लेखापाल चाचरत म्हणाले आणि मग संध्याकाळपर्यंत थांबलेच नाहीत.

आम्ही सारे ग्रंथपालांना पोचवायला स्टेशनवर गेलो. गाडी हलली, तरी ते खिडकीतून विचारत होते, "अहो, त्या विहिरीत आहे तरी काय?"

लेखापाल डब्याबरोबर चालू लागले. "मला तरी कुठं माहीत आहे, साहेबजी! रविवारी बघू!"