चार वाजताचा ठिपका

सुमन सिस्टरांचं नाव आधी लिहिते. सहावीत शाळा सुटलेली, गोंदियाकडच्या खेड्यातून मामाच्या मागे भिलाईला आलेली मी. मला मजुरांच्या दवाखान्यात आया म्हणून लावलं ते त्यांनीच. ताप बघणं सिस्टरचं काम, आयाचं नाही. तरी त्यांनी मला थर्मामीटर वाचायला शिकवलं. "हे पाह्य पोरी, काच जराशी तिरपी धर. दिसली चांदीची रेघ?" दिसली तेव्हा केवढा आनंद झाला होता मला! आणि त्याच बाईंचं मी काय केलं, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही.

भिलाईचा पोलाद कारखाना तेव्हा उभा राहत होता. रोज कुणी मचाणावरून पडलेला, कुणी भाजलेला. वॉर्डात आम्ही दोघीच. पहिल्या वर्षी कुणाचा ताप उतरला की मला घरी गेल्यावरही बरं वाटायचं. पुढे — कसं सांगू? — माणसं दिसेनाशी झाली, नुसते खाटांचे नंबर उरले. कुणी कण्हलं की राग यायचा. कण्हणाऱ्याचाच! असा येतो का कुणाला?

खाटेच्या पायथ्याशी तापाचा कागद असे. दर चार तासांनी ताप बघायचा, ठिपका टाकायचा. दुपारच्या फेऱ्या सिस्टरांनी माझ्यावर सोपवल्या होत्या. मी बाराच्या फेरीतच चारचाही ठिपका टाकू लागले. आधीच. अंदाजानं. तेवढीच एक फेरी वाचायची. महिनाभर कुणाला कळलं नाही.

समारू जवळच्याच गावचा. लोखंडी तुळईखाली त्याचा पाय चेपला होता. मे महिना, वरचे पत्रे तापलेले. बारा वाजता तो मला म्हणाला, "दीदी, जाड़ लागत हे." थंडी वाजते म्हणे!

"मे महिन्यात थंडी? नाटकं नोको करू, झोप," मी म्हटलं. त्या दिवशी तर मी बाराचाही ताप बघितला नाही. दोन्ही ठिपके टाकले. ताप नाही असे.

तीन वाजता डॉक्टर आले. समारू फणफणलेला, पाय काळानिळा. डॉक्टरांनी कागद उचलला. मग भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. पुन्हा कागद.

"सिस्टर, चार वाजले का?"

ठिपक्याला हस्ताक्षर नसतं. खाली सही मात्र सुमन सिस्टरांची — सकाळीच केलेली, माझ्या भरवशावर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी बादली उचलली आणि पाणी आणायला निघाले.

बादली भरलेलीच होती.

दारातून ऐकू आलं, "चूक माझी आहे, साहेब."

समारूचा पाय मांडीतून कापला. रोग्याच्या कपाळाला हात लावल्याशिवाय ज्यांना चैन पडत नसे, त्या बाईंना वॉर्डातून काढून चादरींच्या कोठीत बसवलं. तिथे त्या मला एवढंच म्हणाल्या, "थकली होतीस नं? मले सांगाचं होतं ना वं."

तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. थकले होते, खरं. पण गप्प राहिले ती थकव्यानं नाही. गावी परत पाठवतील म्हणून.

त्या नागपूरला निघून गेल्या. मी अजून त्याच वॉर्डात आहे. चारचा ठिपका चारलाच टाकते — त्यानं काय फिटतं?

सुमन सिस्टर, एक दिवस मी त्याच डॉक्टरांपुढे उभी राहीन. तो ठिपका माझा होता, समारूला झोप म्हणणारी मीच होते, हे तुमचं नाव घेऊन सांगेन. त्या दिवशी माझ्या हातात बादली नसेल.