भाता किती मात्रा टिकतो

आमच्या घरात ऑर्गन म्हणजे नाटकातला ऑर्गन. रंगमंचासमोर खाली ठेवलेला, दोन्ही पायांनी भाता मारत वाजवायचा. बाबांनी तो संगीत नाटकांना चाळीस वर्षं वाजवला. चर्चमध्येही ऑर्गन असतो हे मला माहीत होतं, पण तो त्यांचा. थिएटरचा तो आमचा. या अडाणीपणापायी मी एका शनिवारी बाबांना गाडीत बसवून स्लाऊहून मिल्टन कीन्सच्याही पलीकडे एका शेतावर नेलं.

जाहिरात मी ब्रॅकनेलच्या ऑफिसात, कामाच्या वेळात शोधली होती. जुना थिएटर ऑर्गन, चांगलं घर हवं, किंमत पाहून ठरवू, एवढीच. फोनवर एक म्हातारे इंग्लिश गृहस्थ होते. माझे वडील चाळीस वर्षं थिएटरात ऑर्गन वाजवत होते असं सांगितल्यावर त्यांचा आवाजच बदलला. मग त्यांनी विचारलं, तुमच्या घराचं छत किती उंच आहे? मी म्हटलं, असतं तेवढंच. हे लोक हवेवर बोलतात तसे छतावरही बोलत असतील, असं मला वाटलं. फोन ठेवून मी बाबांना सांगितलं, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांनी मला आपण होऊन काही विचारलं. सूर कसे आहेत त्याचे, म्हणाले.

आई गेल्यावर मी त्यांना इकडे इंग्लंडला आणलं त्याला दोन वर्षं झाली होती. पुण्याचं घर आवरताना ऑर्गनचा प्रश्न आला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, हा माझा जुना स्वभाव. मी म्हटलं, "बाबा, त्याचा भाता केव्हाच गेलाय. आणि तिकडे ऑर्गनला काय तोटा? त्यांचंच वाद्य." एका हॉटेलवाल्याने तो दारातली शोभा म्हणून नेला. इकडे आल्यावर बाबा खिडकीशी बसू लागले. सोमवारी कौन्सिलची गाडी कचरा न्यायची, तेवढी एक घडामोड. ओळखीच्या एकाने पेटी आणून दिली, तर ती त्यांनी आठवड्याने पुसून परत केली. मला कळत होतं की हा माणूस माझ्या घरात हळूहळू विझतोय, आणि ऑर्गन मिळाला नाही तर तो असाच विझणार.

शेडचं दार उघडलं आणि मला माझी चूक कळली. आत ऑर्गन नव्हता, एक गाव होतं. घोड्याच्या नालेसारखा वळलेला प्रचंड टेबलवजा भाग, त्यावर रंगीत खुंट्यांच्या रांगा. भिंतीला टेकवलेले माणसापेक्षा उंच लाकडी पाइप, जमिनीवर एकमेकांवर रचलेले शेकडो धातूचे. एका कपाटात ढोल, झांजा आणि चक्क पक्ष्याची शीळ. मूकपटांच्या काळात सिनेमागृहाच्या भिंतींमध्ये बसवायचा ऑर्गन होता तो. छताची चौकशी का होती ते आता कळलं. बाबा हळूच म्हणाले, "अगं, हा ऑर्गन आहे की अख्खी कंपनी?"

तिथेच मी सांगून टाकायला हवं होतं की आमची गल्लत झाली. पण त्या गृहस्थांनी आमच्यासाठी स्वेटरवर टाय बांधला होता. त्यांनी सांगितलं, थिएटर पाडलं तेव्हा हा सगळा पसारा त्यांनी सोडवून आणला होता. घरात बसवायचा होता, तो कधीच बसवला गेला नाही. आता शेत विकलं गेलंय आणि शेड रिकामी करायचीय. भंगारवाल्याखेरीज कोणी फिरकलं नव्हतं. त्यांना जाणकाराचं मत हवं होतं, आणि जाणकार म्हणून त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला.

बाबांनी तो मान नाकारला नाही. कोट काढून माझ्याकडे दिला आणि बघायला लागले. लाकडाच्या सांध्यांवरून नखं फिरवली. खालच्या थरातले पाइप वरच्यांच्या वजनाने चेपले होते, ते काढून पाहिले आणि परत ठेवले. एका पेटाऱ्यात बोट घातलं, तर तांबूस भुकटी निघाली. "कातडं," ते मला म्हणाले. "पीठ झालंय." असे पेटारे ओळीने होते. एक छोटा पाइप मात्र त्यांनी रुमालाने पुसला आणि तोंडाने फुंकला. स्वच्छ सूर निघाला. गृहस्थ हसले. बाबांनी दुसरा उचलला नाही.

मग म्हणाले, भाता दाखवा.

ऑर्गन घेताना आमच्याकडे हीच परीक्षा. पट्ट्यांना हात न लावता भाता भरायचा, पाय उचलायचे आणि तो किती मात्रा तग धरतो ते मोजायचं. तीनतालाचं एक आवर्तन, म्हणजे सोळा मात्रा टिकला तर ऑर्गन घ्यावा. त्याच्या आत बसला तर नमस्कार करून निघावं. इथे पाय मारायचे नव्हते, मोटर होती. गृहस्थांनी ती सुरू केली तेव्हा पिठाच्या गिरणीत उभं असल्यासारखं वाटलं. खाटेएवढा भाता कण्हत वर आला. बाबांनी हात वर करून मोटर थांबवायला सांगितली आणि मांडीवर टाळी धरली.

चौथ्या मात्रेला भाता खाली होता.

त्यांनी पुन्हा भरायला लावला. पुन्हा चार. तिसऱ्यांदा भरताना पेटाऱ्यावर बसलेलाच राहिलेला कुठलासा पाइप आपोआप बोलायला लागला आणि काही केल्या थांबेना. मोटर बंद केल्यावर तो सूर उतरत उतरत गेला. मला रडू येत होतं. या अवजड धुडाशी माझं काही नातं नव्हतं, तरी येत होतं.

गृहस्थांनी माझ्याकडे पाहून विचारलं, तुमच्या वडिलांच्या मते याची किंमत काय? बाबांनी प्रश्न समजून घेतला. बराच वेळ हात पुसले. मग म्हणाले, "सांग त्यांना, वाद्य चांगलं होतं."

मी सांगितलं, वाद्य चांगलं आहे, पण आमच्या घरात मावणार नाही.

त्यांनी मान हलवली. थर्मासमधला चहा दिला. निघताना पुसलेला तो छोटा पाइप बाबांना देऊ केला. बाबांनी तो परत जागेवर ठेवला. एक काढला तर बाकीच्यांचं काय, असं काहीतरी पुटपुटले. त्याचं भाषांतर मी केलं नाही.

मिल्टन कीन्सच्या राउंडअबाउटांमधून आम्ही परत येत होतो. तीनेक राउंडअबाउट गेल्यावर बाबा म्हणाले, "मी 'होतं' म्हटलं होतं. तू 'आहे' म्हणालीस."

"सॉरी बाबा. त्यांच्या फेसकडे बघून मला 'होतं' म्हणवेना."

"हं." ते बाहेर बघत होते. "आपल्या ऑर्गनचा भाता दोन आवर्तनं टिकायचा. तो हॉटेलवाला न्यायला आला, त्या सकाळी मोजला होता मी."

 मी कधी मोजला नव्हता. मोजायचा असतो हे लहानपणापासून माहीत असून मोजला नव्हता. घर लवकर रिकामं व्हायला हवं होतं, विमानाची तिकिटं काढलेली होती, आणि भाता गेलाय हे बोलायला सोपं वाक्य होतं.

"मग तेव्हा बोलला का नाहीत तुम्ही?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तू गेलाय म्हणालीस," बाबा म्हणाले. "मग गेला."

माझं एक्झिट चुकलं. पुढची तीन वर्षं बाबा आमच्याकडेच होते, त्या खिडकीशी. ऑर्गनचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि माझी काढायची छाती झाली नाही.