सगुणाबाईंची पसंती

माणसांवर इतका अविश्वास आणि एका मांजरीवर इतका विश्वास ठेवणारा माणूस मी आमच्या शेजारच्या तात्यांखेरीज दुसरा पाहिलेला नाही. लासलगावच्या कांदा बाजारात एका व्यापाऱ्याकडे उभा जन्म काढल्यामुळे गोणीत वर चांगला माल आणि खाली सडका असतो, हेच त्यांचं जगाविषयीचं एकमेव मत होतं. बायको गेल्यावर ते पंचवटीत आमच्या शेजारी राहायला आले, ते एका करड्या मांजरीला घेऊन. तिचं नाव सगुणा. पण तात्या तिला सगुणाबाई म्हणत आणि अहो-जाहो करत. घरात आलेला प्रत्येक पदार्थ आधी बाईंपुढे ठेवला जाई. त्यांनी हुंगून जीभ लावली, की मगच तात्या खाणार. एकदा आमच्याकडच्या श्रीखंडावरून बाई तोंड फिरवून निघून गेल्या. तात्यांनी वाटी परत आणली आणि माझ्या बायकोला अतिशय सभ्यपणे सांगितलं, "सूनबाई, राग मानू नको. चक्का बदल." तिने तात्यांशी अबोला धरला. चक्का मात्र बदलला.

गेल्या हिवाळ्यात सगुणाबाईंनी दूध अर्धवट टाकायला सुरुवात केली. तात्यांनी दूधवाल्याला गल्लीतच गाठलं.

"तात्या, आख्खी गल्ली हेच दूध पितेय," तो बिचारा म्हणाला.

"गल्लीला काय कळतंय? बाईंना नाय आवडलं."

दूधवाला बदलला. पाठोपाठ सुकट विकणारी मावशी बदलली. बाईंची भूक मात्र कमीच होत गेली. एका दुपारी ओट्यावर उन्हात त्यांना विंचरता विंचरता तात्यांनी मला हाक मारली. पोटाखाली हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागत होती.

"तात्या, डॉक्टरला दाखवू या. खातही नाहीये ती."

"खात नाय, कारण दूध खराब हाय. अन् हे कुठंतरी आपटलं असंल."

त्यांनी हळदीचा लेप लावला. बाईंनी तो चाटून टाकला, तेव्हा 'भूक परतली' म्हणून तात्यांनी मला पेढा दिला. त्यानंतर मी दोनदा विषय काढला, तेव्हा ते तिसऱ्या दूधवाल्याच्या शोधात होते.

संक्रांतीनंतर एका सकाळी ते टोपली घेऊन आमच्या दारात उभे राहिले. गाठ लिंबाएवढी झाली होती आणि बाई पाणीही पीत नव्हत्या. "गाडी काढ," एवढंच म्हणाले.

डॉक्टरबाईंनी सावकाश तपासलं, एक्स-रे काढला. "गाठ लहान होती तेव्हाच हिला आणलं असतं, तर ती काढून बघता आली असती. आता छातीत पसरलंय."

तात्या इथेही भांडतील, दुसरा डॉक्टर शोधा म्हणतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी बाईंना उचलून पुन्हा टोपलीत ठेवलं. परतताना गोदावरीच्या पुलावर ते मागच्या सीटवरून म्हणाले, "दुधात काही खोट नव्हती रे. बाई आपलं दुखणं सांगत होत्या, अन् मी लोकांना झापत बसलो."

सगुणाबाई फार दिवस राहिल्या नाहीत.

त्यानंतर तात्या मला घेऊन पहिल्या दूधवाल्याच्या गोठ्यावर गेले. तो धारा काढून नुकताच उठला होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. "या तात्या," तो म्हणाला, "बाईंना नव्याचं दूध मानवलं का?" त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

"तुझं दूध चांगलं होतं," तात्या म्हणाले. आणि ते तिथेच गोठ्याच्या खांबाला टेकले.

दूधवाल्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग हातातली बादली खाली ठेवून त्याने तात्यांना बसायला खाट पुढे ओढली.