सोनसूर बँडचे मास्टर

धंतोलीतून वरात जाताना दवाखाना दिसला, की मास्टर क्लॅरिनेट खाली घ्यायचे आणि डावा हात वर करायचे. सगळा बँड गप्प. धंतोलीत दवाखाने इतके, की अर्धी वरात मुकीच निघायची. नवरदेवाचे मित्र भांडायला आले, तर मास्टर म्हणायचे, “आतमधी कोणाचं तरी माणूस पडून आहे.”

महाल भागात आमच्या जुन्या घराच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची खोली होती. ‘सोनसूर ब्रास बँड’ हे नाव त्यांनीच ठेवलं, मोठ्या ढोलावर स्वतःच्या हातानं रंगवलं. दर दसऱ्याला वाद्यं पुजायच्या आधी ती अक्षरं ते पुन्हा गिरवायचे. आमच्या घरच्या तिन्ही लग्नांत त्यांचाच बँड वाजला, आणि दर वेळी जेवायला मात्र ते सगळ्यांच्या शेवटी बसले. त्यांना मूलबाळ नव्हतं. पुतण्या राजू, त्याला त्यांनी घरी आणून वाजवायला शिकवलं. पुढे बुकिंगचे फोन राजूच घेऊ लागला.

दुकानांच्या, मालाच्या नावांची सरकारदरबारी नोंदणी करून देणं हा माझा धंदा. एक दिवस राजू माझ्याकडे आला. बँडचं नाव दुसऱ्या कोणी उचलू नये म्हणून ट्रेडमार्क घ्यायचा होता. पुरावा म्हणून त्यानं जुनं पावतीपुस्तक आणलं. त्यावर मालक म्हणून मास्टरांचं नाव छापलेलं होतं. अर्जात मात्र त्यानं स्वतःचं नाव सांगितलं. मी विचारलं, तर म्हणाला, काकाले कागदपत्रातलं समजत नाही, घरचंच आहे. मास्टरांची खोली माझ्या ऑफिसपासून स्कूटरनं दहा मिनिटांवर. मी गेलो नाही. फोनही केला नाही. अर्ज भरून टाकला.

नोंदणी झाल्यावर राजूनं त्याच नावानं स्वतःचा बँड काढला आणि वकिलामार्फत मास्टरांना नोटीस पाठवली: हे नाव वापरू नका. ती नोटीस प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मास्टर माझ्याकडे आले.

“तो अर्ज तूच भरला का गा?”

मी हो म्हटलं. मग भराभर सांगत सुटलो, की नाव आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क कायदा मानतो, चांगला वकील गाठून देतो, मी स्वतः साक्षीला उभा राहतो, केस तुम्हीच जिंकाल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कोर्टात सांगावं काय लागेल, एवढं विचारलं. राजूनं खोटं लिहून दिलं, हे सांगावं लागेल, असं मी म्हणालो.

त्यांनी नोटीस परत पिशवीत घातली, गाठ मारली. “त्याले फुंकर मारायची मीच शिकवली. आता त्याले चारचौघांत खोटा पाडू काय? नाव गेलं त जाऊ दे.”

माझ्यावर ते एका शब्दानंही रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी ढोलावरची अक्षरं पुसली. बिननावाचा बँड काही महिने चालला. पण लोक फोन सोनसूरला करत, आणि तो राजूला लागे. मास्टर कुहीकडे आपल्या गावी निघून गेले. भेटायला जायचं मी दर सणाला ठरवत राहिलो.

गेल्या महिन्यात पेपरात त्यांचा फोटो दिसला. निधनाची जाहिरात राजूनंच दिली होती. फोटोखाली छापलं होतं, ‘सोनसूर ब्रास बँडचे संस्थापक’. नाव परत मिळवायला एवढी एक ओळ पुरली असती. मी ती कापून ठेवली आहे. द्यायची कोणाला?