उलट छापलेला स्वभाव

सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या एका कापड गिरणीत, कामगार कल्याण खात्यात टायपिस्ट होते. नोकरीला दोन वर्षं झाली होती. टायपिंग चांगलं होतं, पण चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. शाळेत असताना आभारप्रदर्शनाला नाव पुकारलं, तर मी आजारी असल्याचं सांगून घरी गेले होते.

त्या वर्षी गिरणीने सहा जॉबरांना सुपरवायझर करायचं ठरवलं. जॉबर म्हणजे खात्यातल्या कामगारांवरचा मुकादम. त्यांना तयार करायला पुण्याहून एक प्रशिक्षक दर शनिवारी यायचे. उंच, गोरे, खांद्याला शबनम आणि तोंडात सतत लवंग. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर एक इंग्रजी प्रश्नावली ठेवली. प्रत्येक प्रश्नाला ‘अ’ आणि ‘ब’ अशी दोन उत्तरं. आपल्याला लागू पडेल त्यावर खूण करायची. मग त्यांच्याकडच्या तक्त्यावरून माणसाचा स्वभाव कुठल्या प्रकारचा ते कळणार, आणि त्याप्रमाणे ते एकेकाशी बोलणार. मी तिचं मराठी करून, प्रती काढण्यासाठी टाइपरायटरवर स्टेन्सिल कापायचं होतं.

ते काम मला मनापासून आवडलं. ‘पार्टीत तुम्ही अनोळखी लोकांशी बोलता का?’ याचं मी ‘लग्नात’ केलं. पुढच्या शनिवारी कँटीनच्या बाकांवर बसून सहा जणांनी प्रश्नावली सोडवायला घेतली, तेव्हा एकाने या प्रश्नावर हात वर करून विचारलं, लग्न मुलाकडचं धरायचं का मुलीकडचं? मुलीकडचं असेल तर बोलावंच लागतं. सर पाच मिनिटं विचारात पडले.

त्या सहा जणांत साचेखात्याचा, म्हणजे मागांच्या खात्याचा, एक जॉबर होता. घरात तेलुगू बोलणारा, चाळिशीचा, गलमिशा राखलेला. त्याचा आवाज फाटकापर्यंत ऐकू येई. कामगार त्याला मागे ‘भोंगा’ म्हणत आणि त्याच्या वाटेला सहसा जात नसत. त्याने सगळ्यांच्या आधी कागद भरून दिला.

सरांनी निकाल वाचून दाखवले. घडीखात्याचा, म्हणजे कापडाच्या घड्या घालतात त्या खात्याचा जॉबर, जो विचारल्याशिवाय तोंड उघडत नसे, तो ‘माणसांत रमणारा’ निघाला. त्याने काहीच हरकत घेतली नाही. तो कशालाच घेत नसे. मग साचेखात्याची पाळी आली. सरांनी वाचलं, ‘शांतताप्रिय, मितभाषी, एकेका माणसाशी बोलणं पसंत करणारा.’ सगळे पोट धरधरून हसले. मीसुद्धा हसले.

तो हसला नाही. त्याने सरांना विचारलं, “हे कागदावर असंच लिवलंय?” सरांनी मान हलवली. तेव्हा तो हळू आवाजात, त्याच्या तोंडून आम्ही कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाला, “खरं हाय, सायेब. साच्यांच्या आवाजात वरडल्याबगर ऐकू जात न्हाय, म्हून वरडतो. घरी गेलो की बोलतच न्हाय. बायको म्हनती, मुका नवरा केला.”

सरांनी कागद खाली ठेवला आणि त्या दिवशी तासभर त्याच्याशी एकट्याशीच बोलले. खात्यात ओरडून जे सांगायचं ते सांगा, पण ज्याचं काम सारखं बिघडतंय त्याला बाहेर नेऊन बोला, असं काहीसं ठरलं.

बुधवारी साचेखात्यातला एक कामगार डोळे तपासायची चिठ्ठी मागायला माझ्या खिडकीशी आला. तुटलेला धागा जोडायला त्याला उशीर व्हायचा, म्हणून जॉबर त्याच्यावर रोज तोंडसुख घ्यायचा. या आठवड्यात मात्र त्याला रुईच्या गठ्ठ्यांमागे सावलीत बसवून त्याने विचारलं होतं की होतंय तरी काय. कामगार भीत भीत म्हणाला होता, धागा दिसतच नाही. नोकरीच्या चार वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

मला फार बरं वाटलं. त्याच आनंदात मी प्रश्नावलीच्या प्रती फायलीला लावायला घेतल्या, सहज इंग्रजी मूळ शेजारी ठेवलं, आणि पुन्हा पहिल्यापासून ताडून पाहिलं. पहिल्या पानावरचे सगळे प्रश्न बोलण्या-न बोलण्याचे होते. दुसरं उत्तर मराठीत करायला सोपं जाई, म्हणून मी ते आधी लिहून घेतलं होतं आणि त्याच क्रमाने टाइप केलं होतं. सगळ्या पानावर ‘अ’चं ‘ब’ आणि ‘ब’चं ‘अ’ झालं होतं. सरांनी तक्ता लावला तो उलटा. म्हणजे साचेखात्याच्या जॉबराने स्वतःला बडबड्याच लिहिलं होतं!

दोन दिवस मनात तेच घोळत होतं. चूक सांगावी तर त्या माणसाचं सुरळीत चाललेलं बिघडेल, न सांगावी तर सहा जणांचे खोटे स्वभाव फायलीत राहतील. शनिवारी सर जिना चढून येताच मी सांगून टाकलं. त्यांनी इंग्रजी मूळ आणि मराठी प्रत शेजारी धरून पाहिली. मग म्हणाले, “सगळ्यांना सांगायला हवं. तुम्हीच सांगा.”

कँटीनमध्ये त्या सहा जणांसमोर मी उभी राहिले. आवाज फुटेना, तेव्हा घडीखात्याच्या जॉबराने आपला पाण्याचा पेला पुढे केला. मी दोन घोट घेतले आणि कुठे, कसं चुकलं ते सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. मी साचेखात्याच्या जॉबराकडे बघायचं टाळत होते. शेवटी तोच म्हणाला, “कागद चुकला आसंल, बाई. मी न्हाय चुकलो.”

सरांनी त्याला विचारलं, मग तुम्ही स्वतःच ‘बोलका’ अशी खूण का केली होती?

“लोक म्हनत्यात तसं लिवलं की,” तो म्हणाला. “मला कुनी इचारलंच कुटं हुतं?”

सर त्यावर मोकळेपणाने हसले आणि बाकीचेही. मग त्यांनी सगळ्यांना कोरे कागद वाटले आणि आपण कसे आहोत ते आपापल्या शब्दांत लिहायला सांगितलं. ज्याला लिहिणं जड जाई त्याचं मी ऐकून लिहून घेतलं. घडीखात्याच्या जॉबराने अर्धं पान सांगितलं. इतकं तो वर्षभरातसुद्धा बोलला नसेल. त्यानंतर सर प्रश्नावली वापरत राहिले, पण आधी माणसाचं ऐकून घ्यायचे आणि तक्ता मागाहून काढायचे.

साचेखात्याचा जॉबर पुढे सुपरवायझर झाला. चष्मा लागलेला त्याचा कामगार निवृत्तीपर्यंत त्याच खात्यात टिकला. दुसऱ्या तुकडीच्या वेळी सरांना दर आठवड्याला यायला जमेना, तेव्हा पहिला तास मी घ्यावा असं त्यांनी मॅनेजरांना सुचवलं. मी आजारी असल्याचं सांगितलं नाही. तेरा माणसं समोर बसली होती, आणि मी त्यांना विचारलं, लग्नात तुम्ही अनोळखी लोकांशी बोलता का? मुलाकडचं लग्न धरा.