आबांनी न सांगितलेली लढाई

माझा मुलगा इकडे ब्रिटनमध्ये, कार्डिफलाच जन्मला. मराठी माझ्याकडून शिकल्यामुळे अजूनही स्वतःबद्दल बाईसारखं बोलतो. एका रविवारी पोहे खाता खाता म्हणाला, "मम, मी आर्मी जॉइन करते. व्हेइकल मेकॅनिक. नंतर कुठेही जॉब मिळतो."

रोज बातम्यांत युरोपातली लढाई दिसते, आणि याला जॉब सुचतोय!

हे खूळ माझ्या वडिलांचं. आबा साताऱ्याला असतात. लष्करात ट्रक दुरुस्त करायला शिकले, लढाईवर जाऊन आले आणि त्याच हातांच्या जोरावर गॅरेज काढलं. व्हिडिओ कॉलवर नातवाला कायम एकच ऐकवायचे, "आर्मीनं मला माणसात आणलं, बाळा." आमच्या घरात लढाईतलं फक्त उपयोगाचं तेवढं बोललं जाई. बाकीचं आम्ही विचारायचं नाही आणि आबांनी सांगायचं नाही, अशी रीतच होती.

मी त्यांना फोन केला. "आबा, आता उरलेलं सांगा त्याला. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालंय. त्यालाही जरा घाबरू दे."

आबा म्हणाले, "बघतो."

पुढच्या रविवारी मुलानं फोन सॉसच्या बाटलीला टेकवून ठेवला. आबा खाली बघत बोलत होते. तोफेचा गोळा जवळच पडला होता, ट्रक बंद पडला होता, आत जखमी जवान ओरडत होते. "हात असे कापत होते, पाना नटावर बसंना. चड्डी ओली झालती माझी."

हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. मलाच धडकी भरली. मुलगा पांढराफटक पडला होता. मनात म्हटलं, बरं झालं, मात्रा लागू पडली.

"मग गाडी स्टार्ट झाला?" त्यानं हळूच विचारलं.

"झाली."

"आतले लोक?"

"तिघं वाचले. बाकीचे नाही."

त्यानं मान हलवली. पोह्यांची बशी बाजूला सारली.

"मम, शनिवारी आर्मीची असेसमेंट आहे. ड्रॉप करशील?"

त्याचा आवाज कापत होता. नोकरीचं मात्र या वेळी त्यानं नावही काढलं नाही. पोरगं घाबरलं होतं आणि तरीही जाणार होतं. त्याला अडवायला आता माझ्याकडे काही उरलं नव्हतं.