धाकट्या जावेचं पोट

लग्नकार्याला दोन्ही सुनांना एकसारखी साडी घ्यायची पद्धत आमच्या सासूबाईंनी पाडली. जावाजावांत भांडण नको, एवढाच हेतू. थेरगावातली आमची इमारत घरच्याच जमिनीवर उभी आहे. पहिल्या मजल्यावर मी, दुसऱ्यावर धाकटी जाऊ. इतकी वर्षं साड्या सारख्या आणि पोटंही सारखीच सुटलेली, त्यामुळे भांडणाला खरंच जागा नव्हती.

मग धाकटीने वाकडच्या एका दवाखान्यात जाऊन पोटाची चरबी काढून घेतली. सासूबाईंना सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन. खरं काय ते मला ठाऊक होतं, कारण नंतर पोट आवळून धरायला दिलेला पट्टा सकाळी मीच तिला लावून द्यायची. पट्ट्याखाली सगळं काळंनिळं झालेलं. मला तिची फार कीव आली. पुढे सूज उतरली, तशी माझी कीवही उतरली.

भाचीच्या लग्नात आम्ही दोघी मोरपंखी साड्या नेसून शेजारीशेजारी उभ्या राहिलो. नणंद मला म्हणाली, "वहिनी, तुझी बी तीच साडी हाय व्हय? येगळीच दिसती की!" मी हसले. आतून जळून कोळसा झाले होते. घरी आल्यावर ती साडी घडी न घालता कपाटाच्या तळाशी कोंबली.

खरं सांगायचं तर माझा हेवा ऑपरेशनच्याही आधीचा. दीर उठताबसता तिच्या पोटावरून टोचून बोलायचे. मला त्यांचा राग यायचा, पण वाटायचं, वाईट नजरेने का होईना, हा माणूस बायकोकडे बघतो तरी. आमचे हे चाकणला कंपनीत. शिफ्टवरून आले की एक डोळा ताटात, दुसरा मोबाईलमध्ये. मी समोर बसले आहे की फ्रिज, त्यांना काही फरक पडत नसावा.

शेवटी कुणाला न सांगता मी त्याच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी मला आडवं झोपवून पोट चिमटीत धरून पाहिलं, मग मान उचलायला सांगून पोटाच्या मधोमध बोटं दाबली.

"कातडीखाली तुमच्या फारसं काही नाहीच," त्या म्हणाल्या. "चरबी आहे ती आत, आतड्यांभोवती. तिथली आम्हाला काढता येत नाही. शिवाय बाळंतपणात पोटाचे स्नायू फाकलेत. हे ऑपरेशन केलं तरी पोट पुढेच राहील. आणि वजन उतरवायचा हा उपायच नव्हे. आधी साखर तपासून घ्या, चालायला लागा."

"पण तिचं झालं ना!" माझ्या तोंडून निघून गेलं.

कुणाचं, ते त्यांनी विचारलं नाही. "घरी कुणी बोलतं का तुम्हाला पोटावरून?"

"नाही," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं, "वाकडला जाऊन आले. पोटाच्या डॉक्टरकडे."

"पार्किंग मिळालं का?" ह्यांनी विचारलं.

जिन्यात धाकटीने ते ऐकलं असावं. हे आंघोळीला गेले तशी ती आत आली. माझी साडी बदलायची राहिली होती.

"ताई, काय म्हणल्या डॉक्टर?"

"म्हणाल्या, तुम्हाला गरजच नाही."

ती मटकन खुर्चीत बसली. "नशीब काढलं तुमी. आमचे हे आता माझ्या दंडावरच्या चरबीच्या मागं लागलेत. म्हणत्यात, पोट केलं तसं हे बी करून टाक."

डोळे पुसत ती माझ्या पोटाकडे बघत राहिली. ती नजर मला लगेच ओळखू आली; इतके दिवस मी तिच्याकडे तशीच बघत होते. आता तरी खरं सांगून टाकावं, असं मनात आलं.

पण मी पदरच थोडा बाजूला सारला. नीट बघू दे म्हटलं.